आजोबांची लॅम्ब्रेटा

मध्य रेल्वेने मुलुंडकडे जाताना विक्रोळी मागे पडले की कांजूरमार्ग येते आणि त्याच्या पुढचे स्थानक भांडुप. आमचे घर कांजूरमार्गला आहे. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली कित्येक वर्षे एक स्कूटर उभी होती. तिच्यावर गोणपाट टाकलेले असे. दोन्ही चाकांतील हवा केव्हाच गेली होती. त्या गोणपाटाखाली एक मांजर दोनदा व्याली होती. ही स्कूटर म्हणजे आजोबांची लॅम्ब्रेटा.

एकदा जून महिन्यात सोसायटीने जिन्याखालची जागा मोकळी करण्यास सांगितले. बाबांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि लोखंडाच्या वजनावर किंमत सांगितली. आजोबा दारात उभे होते. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांब. त्या दिवशी ही स्वतःच्या बळावर फाटकापर्यंत चालली नाही, तर तू खुशाल घेऊन जा."

आजोबांनी तरुणपणी भांडुपच्या स्कूटर कारखान्यात फिटर म्हणून काम केले होते. त्या दिवशी रात्री त्यांनी मला तिची जन्मकथा सांगितली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली देश मोडकळीस आला होता. मोटार घेणे फार थोड्यांना परवडे. मिलान शहराच्या लाम्ब्राते नावाच्या भागात फेर्दिनांदो इन्नोचेंती यांचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. बाँबवर्षावाने त्याची मोठी हानी झाली होती. त्याच कारखान्यातून १९४७ साली एक स्वस्त, सुटसुटीत दुचाकी बाहेर पडली. त्या भागावरून तिचे नाव लॅम्ब्रेटा पडले. इकडे मुंबईत १९४९ साली ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाली. प्रथम इटलीहून आलेले भाग जोडून आणि पुढे भाग येथेच घडवून या कंपनीने भांडुपच्या कारखान्यात लॅम्ब्रेटा तयार केल्या. १९७२ साली भारत सरकारने इटलीतील यंत्रसामग्री विकत घेऊन लखनौ येथे आणखी एक स्कूटर कारखाना उभारला. आज यांपैकी कोणताच कारखाना स्कूटरी करीत नाही.

"आमच्या हातांनी जोडलेली गाडी आहे ही. १९७१ साली घेतली. तुझ्या आजीला तिच्यावरूनच मी प्रथम मुलुंडला नेले," एवढे बोलून आजोबा थांबले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. आम्ही तळमजल्यावर राहतो. स्कूटर ढकलत मागच्या ओट्यावर आणली. मी उत्साहाने पाना उचलला. पण आजोबांनी माझ्या हातात वही दिली. "आधी लिही, मग उघड," ते म्हणाले. कोणता भाग कोठून निघाला, त्याला किती नट होते, वायसर आत होता की बाहेर, हे सारे मी लिहू लागलो. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांवर आकडे घातले आणि प्रत्येक भागाचे नट त्या त्या बरणीत ठेवले.

बाजूची झाकणे काढल्यावर इंजिन दिसले. जाड पोलादी नळीच्या सांगाड्याखाली त्याचा सिलिंडर आडवा बसवलेला होता. सिलिंडरच्या पोकळीत पिस्टन पुढे-मागे सरकतो आणि त्या हालचालीने चाक फिरते. परंतु आमचा पिस्टन आत गंजून घट्ट बसला होता. मी म्हटले, "आजोबा, हातोडीने ठोकू या का?"

"ठोकलास तर पिस्टन फुटेल, सिलिंडरला चरा पडेल," आजोबा म्हणाले. त्यांनी स्पार्क प्लग काढला आणि त्या भोकातून डिझेल व इंजिन ऑईल यांचे मिश्रण आत ओतले. मग रोज सायंकाळी ते इंजिनच्या उजव्या अंगाचे पंख्याचे चाक हाताने हळूच फिरवून पाहत. दहा दिवस ते हलले नाही. अकराव्या दिवशी ते बोटभर फिरले. आजोबांनी मला हाक मारली आणि माझा हात त्या चाकावर ठेवला. गंजाखाली झिरपलेल्या तेलाने दहा दिवस आपले काम गुपचूप केले होते.

त्यानंतर एक एक भाग निघत गेला. जुने पेट्रोल वाळून कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र बुजले होते. ते तारेने न खरवडता पेट्रोलने धुतले व हवेने मोकळे केले. ठिणगी देणाऱ्या पॉइंटांवर बुरशीसारखा थर आला होता. तो अगदी बारीक पॉलिश पेपरने घासला. क्लच, गिअर आणि ब्रेक यांच्या तारा नवीन घातल्या. काही भाग चोरबाजारात मिळाले.

अशातच एक दुपार आली. आजोबा बाहेर गेले होते. सायलेन्सर सिलिंडरला ज्या दोन स्टडांनी जोडलेला असतो, त्यांपैकी एकाचा नट निघत नव्हता. त्याला तेल लावून ठेवा, असे आजोबा सांगून गेले होते. मला मात्र ते काम एकट्याने करून दाखवायचे होते. मी पान्यावर सारा भार टाकला. 'कट्' असा आवाज झाला आणि अर्धा स्टड नटासह माझ्या हातात आला. उरलेला अर्धा सिलिंडरमध्येच राहिला.

मी घाबरून गेलो. तो तुकडा पुन्हा जागेवर ठेवला, त्याच्याभोवती ग्रीस माखले आणि गप्प बसलो. दोन दिवस माझे कशातच लक्ष लागेना. सायलेन्सर तसाच जोडला गेला असता, तर फटीतून ऊन धूर बाहेर पडला असता आणि आजोबांना कारण उमगले नसते. तिसऱ्या दिवशी मी ते सांगितले.

आजोबांनी चष्मा लावून स्टड पाहिला. "केव्हा तुटला?"

"परवा."

ते रागावले नाहीत. त्यांनी वही उघडली व म्हणाले, "लिही." मी लिहिले : 'सायलेन्सरचा एक स्टड माझ्या हातून तुटला.' त्यांनी माझ्या हातची पेन्सिल घेतली आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले : 'मागच्या आठवड्यात मॅग्नेटोची एक तार मी चुकीच्या जागी जोडली होती.' मग म्हणाले, "गाडीत काय मोडले हे ठाऊक असले, म्हणजे ते दुरुस्त करता येते. लपवलेले मोडके दुरुस्त होत नाही." लेथवाल्या कारागिराने आतला तुकडा पोखरून काढला व नवे आटे पाडून दिले.

शेवटी रंगाचा प्रश्न निघाला. नवा, चकचकीत रंग द्यावा असे मला वाटत होते. आजोबांनी गंजलेला तेवढा भाग साफ करून घेतला. बाकीचा जुना रंग धुऊन, पुसून तसाच ठेवला. मूळ स्वरूपात जपलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना २०२१ पासून सरकारी नियमांतही वेगळे स्थान मिळाले आहे. पण आजोबांना त्याहून निराळे काही जपायचे होते. मागच्या झाकणावर एक पोचा होता. तो त्यांनी काढू दिला नाही. "हा मुलुंडचा," एवढेच ते म्हणाले.

दसरा उजाडला. आजीने स्कूटरला झेंडूची माळ घातली. या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावे लागते. ते मी मापाने मिसळले. आजोबांनी किक मारली. काहीच झाले नाही. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या किकेला इंजिन खोकले. सातव्या किकेला निळसर धुराचा लोट उठला आणि सारा ओटा थरथरू लागला. नोंदणीचे नूतनीकरण होईपर्यंत तिला रस्त्यावर नेता येत नव्हते. म्हणून आजोबा आवारातूनच, अगदी सावकाश, फाटकापर्यंत गेले.

फाटकाशी भंगारवाला उभा होता. आजोबा उतरले, त्यांनी खिशातून आपट्याची पाने काढून त्याच्या हातावर ठेवली. तो हसला आणि म्हणाला, "काका, आमच्या हातगाडीचे एक चाक फार वाजते. बघता का जरा?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मी वही आणायला घरात धावलो.

स्वाध्याय

१. आजोबांनी भंगारवाल्याला कोणती मुदत दिली?
२. घट्ट बसलेला पिस्टन कसा मोकळा झाला? हातोडीने का ठोकला नाही?
३. आजोबांनी वहीत स्वतःची चूक का लिहिली असावी?
४. झाकणावरचा पोचा त्यांनी का काढू दिला नसावा?
५. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची हकीकत वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.