ग्राफीनचे २.३ टक्के

आमच्याकडे सेमिनारला ग्राफीन हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. ‘सर्वात पातळ, सर्वात मजबूत’ एवढं सांगितलं की स्लाइड संपते. मला मात्र त्याची एक अडचण जास्त मजेदार वाटते. त्याला प्रकाश नीट पकडता येत नाही!

ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकच थर, जाडी साधारण ०.३४ नॅनोमीटर. २००४ साली मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो चक्क चिकटपट्टीने सोलून वेगळा केला. २०१० चं नोबेल त्यांना या कामासाठीच मिळालं. हा थर दृश्य प्रकाशाचा २.३ टक्के भाग शोषतो, हे २००८ मध्ये तिथेच मोजलं गेलं. कॅल्क्युलेटर घ्या, पाय भागिले १३७ करा. उत्तर तेच येतं! एका अणूच्या जाडीला हे खूप झालं, पण प्रकाशाचा सेन्सर करायचा तर जवळजवळ ९८ टक्के प्रकाश हातचा जातो.

थर वाढवले तर शोषण वाढेल, पण एकेरी थराचे खास गुण जातील. मग थर तोच ठेवून प्रकाशालाच त्याच्यापाशी रेंगाळायला लावायचं. फास्ट लोकल विद्याविहारला थांबत नाही. थांबा दिला तरच माणसं चढणार ना? इथे थांबा देतात ग्राफीनवर बसवलेले सोन्याचे नॅनोकण. योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्यांतले इलेक्ट्रॉन एका तालात हिंदकळतात, यालाच प्लाझ्मॉन म्हणतात. कणाच्या कडेला विद्युतक्षेत्र कित्येक पट वाढतं, पण अगदी जवळपुरतंच.

२०११ मध्ये केंब्रिज आणि मँचेस्टरच्या गटांनी या युक्तीने फोटोव्होल्टेज २० पटींपर्यंत वाढवलं. म्हणून कृपया २.३ गुणिले २० करून ‘शोषण ४६ टक्के’ असं स्लाइडवर लिहू नका! वाढलं ते व्होल्टेज, तेही ठराविक तरंगलांबीपाशी. शिवाय सोनं स्वतःही प्रकाश खातं आणि तापतं.

दुसरी वाट म्हणजे ग्राफीनच्याच नॅनो आकाराच्या चकत्या कापायच्या. चकत्यांची जाळी आणि मागे आरसा असेल तर शंभर टक्के शोषण शक्य आहे, असं २०१२ मध्ये गणिताने दाखवलं गेलं. मात्र ते अवरक्त प्रकाशासाठी.

अशी नक्षी कोरायला ई-बीम लिथोग्राफी लागते. पवईच्या आयआयटीत २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र उभं राहिलं, पण आपल्यासारख्यांची सुरुवात सिम्युलेशननेच होणार. तिथे ग्राफीनचा ठोकळा काढू नका, पृष्ठभागाची चालकता द्या. नाहीतर ०.३४ नॅनोमीटरची जाळी विणता विणता हॉस्टेलच्या कॉम्प्युटरची रात्र जाईल.