झोपेत हात बधिर का होतो?



'रात्री हाताला मुंग्या येतात, हात झटकला की बरे वाटते.' कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या नेरडीगोंडा परिसरात हे वाक्य घरोघरी ऐकू येते. 'रक्त अडकले' म्हणून आपण ते सोडून देतो. बहुतेक वेळा कारण असते दबलेली नस. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकतो ती चेता.

बोटे पाहून ओळखा

हातावर डोके ठेवून झोपल्याने हात बधिर झाला व काही मिनिटांत ठीक झाला, तर भिण्याचे कारण नाही. पण रोज रात्री जाग येत असेल, तर कोणती बोटे बधिर होतात ते पाहावे.

- अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू : चेता मनगटात दबते.
- करंगळी व अनामिकेची उरलेली बाजू : चेता बहुधा कोपरात दबते.
- मानेतून हातात कळ उतरणे : मूळ मानेत असू शकते.

रात्रीच का?

मनगटात हाडे व एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून 9 कंडरा व 1 चेता जाते. झोपेत मनगट दुमडले की जागा आणखी कमी होते. वेचणी, शिवणकाम अशा सततच्या कामाने त्रास वाढू शकतो. मधुमेह, थायरॉईडचे विकार व गर्भारपण यांतही तो दिसतो.

काय करावे?

1. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधावा.
2. कोपराचा त्रास असल्यास कोपरावर टॉवेल सैल गुंडाळावा, म्हणजे हात दुमडत नाही.
3. कामात मधून मधून हाताला विसावा द्यावा.
4. रक्तातील साखर तपासावी.

दिवसाही बधिरपणा राहणे, हातातून भांडे सुटणे, अंगठ्याखालचा उंचवटा बसणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. गरज पडल्यास छोट्या शस्त्रक्रियेने तो पट्टा कापून चेता मोकळी करतात. फार उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही.

मात्र अचानक एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा छातीत दुखू लागले, तर ही दबलेली नस समजू नये. लगेच 108 ला फोन करावा.

गृहपाठ : आज घरी आईला व आजीला विचारा, रात्री हात बधिर होतो का? कोणती बोटे? उत्तर वहीत लिहून आणा. ज्या घरी हा त्रास आहे, त्या पालकांनी ती वही डॉक्टरांना जरूर दाखवावी, ही आमची विनंती.