जुन्या डेस्कटॉपला कोणतं ग्राफिक्स कार्ड?

प्रश्न : ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घेतला आहे. मुलगा गेम खेळतो, मी आमच्या सुकेळीच्या व्यवसायाचे व्हिडिओ एडिट करते. आरटीएक्स ३०५० (६ जीबी) घ्यावं की आरएक्स ६६००?
– एक वाचक, आगाशी

उत्तर : आधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. अशा डेस्कटॉपचा सप्लाय बहुधा लहान असतो आणि त्यात ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी ८ पिनांची केबल नसते. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट वीज आणि ती केबल लागते. कंपनी किमान ४५० वॅटचा सप्लाय सुचवते. ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटवर चालतं. बहुतेक मॉडेलं थेट मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतात.

गेमसाठी ६६०० नक्कीच सरस. मेमरीही ८ जीबी. एडिटिंगला मात्र ३०५० मधला एनव्हिडियाचा एन्कोडर आणि कुडा (CUDA) तंत्रज्ञान यांची चांगली साथ मिळते.

तुमचा सप्लाय लहान असेल, तर ३०५० च घ्या. जोड-केबल लावून ६६०० चालवण्याचा धोका कृपया पत्करू नका. कॅबिनेट अरुंद असेल तर ‘लो प्रोफाइल’ मॉडेल मागा, आणि दुकानदाराकडून ‘६ जीबी’ बिलावर लिहून घ्या; ३०५० ८ जीबीतही येतं आणि त्याला जास्त वीज लागते.