जानवळचा कारवानी आणि नोमचा बाल्टो

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते. लोहा तालुक्यातील हे गाव एरवी लहानसे. परंतु यात्रेच्या दिवसांत तेथे माणसांबरोबर जनावरांचीही दाटी होते. घोडे, उंट, गाढवे, लालकंधारी बैल यांच्या बाजारासोबत श्वानांचे प्रदर्शनही येथे भरते. खंडोबाच्या यात्रेत श्वानाला असा मान मिळावा हे उचितच होय. मूर्तिकारांनी या देवाच्या घोड्याजवळ त्याचा कुत्राही कोरलेला आपण पाहतो.

अशा प्रदर्शनात कारवानी जातीचा कुत्रा चटकन ओळखू येतो. लांब व निमुळते तोंड, खोल छाती, पोटाशी आत गेलेली कंबर आणि हरिणासारखे उंच, सडपातळ पाय असा त्याचा बांधा असतो. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर म्हणजे कारवानांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज पश्चिमेकडून आपल्या देशात आले व त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. अंगावर लांब, मऊ केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. इतर बरेच कुत्रे वासावरून माग काढतात. कारवानी मात्र डोळ्यांनी सावज हेरतो आणि बाणासारखा सुटतो. उघड्या माळरानावर ससा गाठावा तर त्यानेच!

परंतु 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीचा तो काळ संपला. कायदा योग्यच होता; तो झाला नसता तर आपल्या माळावरची काळविटे केवळ चित्रांत उरली असती. मात्र ज्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या एक जात घडविली, ते कामच गेल्यावर त्या मुक्या प्राण्याचे काय व्हावे? हा प्रश्न केवळ आपल्या कारवान्यापुढे उभा राहिला असे नाही. पृथ्वीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, बर्फाच्या प्रदेशातील कुत्र्यांपुढेही तो उभा राहिला होता. त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या अलास्का प्रांतात नोम नावाचे एक गाव समुद्रकाठी वसले आहे. 1925 च्या जानेवारीत तेथे घटसर्पाची साथ आली. हा रोग विशेषतः लहान मुलांचा घास घेई. गावातील डॉक्टरांजवळ त्यावरील ताजे औषध नव्हते. समुद्र गोठल्यामुळे जहाज येणे अशक्य होते. औषध आगगाडीने नेनाना या स्थानकापर्यंत आले. परंतु तेथून नोम सुमारे 1085 किलोमीटर दूर होते. नांदेडहून मुंबईस जाऊन परत यावे, जवळजवळ तेवढे हे अंतर! मधे ना सडक, ना रूळ. सर्वत्र केवळ बर्फ. अशा ठिकाणी एकच वाहन चाले. ते म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी, चाके नसलेली स्लेज गाडी आणि ती ओढणारे कुत्रे.

वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी ते औषध हातोहात पुढे नेले. या गाड्यांना लगाम नसतो. गाडीवान मागून हाक देतो आणि सर्वांपुढे धावणारा अग्रणी कुत्रा ती ऐकून उजवीडावीकडे वळतो. थंडी शून्याखाली चाळीस अंशांच्याही पलीकडे गेली होती. लिओनहार्ड सेप्पाला या गाडीवानाचा अग्रणी टोगो हा तेव्हा बारा वर्षांचा, म्हणजे कुत्र्यांच्या मानाने वृद्ध होता. तरी सर्वांत लांबचा आणि सर्वांत बिकट टप्पा त्यानेच पार केला. गोठलेल्या आखातावरून, पायाखालचा बर्फ केव्हा फुटेल याची शाश्वती नसताना, तो धावत राहिला. शेवटचा टप्पा गुन्नार कासेन याच्या गाडीचा. वादळात त्याला वाट दिसेना. तेव्हा त्याने सारा भरवसा बाल्टो या काळ्या कुत्र्यावर टाकला. 2 फेब्रुवारीच्या पहाटे औषध नोमला पोहोचले. सारा प्रवास साडेपाच दिवसांत झाला होता.

शेवटी पोहोचला त्याचे नाव झाले. ही जगाची जुनीच रीत आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या उद्यानात बाल्टोचा पुतळा उभा राहिला. टोगोचे नाव मात्र पुष्कळ वर्षे मागे पडले. आणि बाल्टोच्या वाट्याला तरी काय आले? दोन वर्षांच्या आत तो आणि त्याचे सोबती लॉस एंजेलिसच्या एका सामान्य खेळघरात पैसे घेऊन दाखविले जाऊ लागले. त्यांची दुर्दशा क्लीव्हलंडच्या एका व्यापाऱ्याने पाहिली. त्यांना सोडविण्यासाठी दोन हजार डॉलर हवे होते. क्लीव्हलंडच्या शाळांतील मुलांनी आपली नाणी आणून दिली, कामगारांनीही हातभार लावला आणि ती रक्कम अल्पावधीत उभी राहिली. 1927 च्या मार्च महिन्यात बाल्टोसह सात कुत्रे त्या शहरात सुखरूप आले. 1933 साली बाल्टो तेथेच मरण पावला. मला विचाराल तर पुतळ्याहून मुलांची ती नाणी मोठी.

पुढे विमाने आली. 1960 नंतरच्या दशकात बर्फावर चालणारी यंत्रे गावोगाव पोहोचली आणि कुत्र्यांच्या गाड्या मोडीत निघू लागल्या. हे पाहून जो रेडिंग्टन याने इतरांच्या साहाय्याने 1973 साली अँकरेज ते नोम अशी सुमारे सोळाशे किलोमीटरची शर्यत सुरू केली. तिचे नाव इडिटारॉड. पहिल्या विजेत्यास वीस दिवस लागले; आता पहिली गाडी साधारण नऊ-दहा दिवसांत पोहोचते. 1985 साली लिबी रिडल्स ही पहिली स्त्री विजयी झाली. कुत्र्यांच्या पंजांना कापडी मोजे घालतात, वाटेतील ठाण्यांवर पशुवैद्य त्यांना तपासतात आणि एका ठिकाणी अखंड चोवीस तास विसावा घ्यावाच लागतो. तरीही या शर्यतीत कुत्रे दगावले आहेत व त्यावरून तीव्र टीकाही झाली आहे. ती टीका सहज झटकून टाकण्यासारखी नाही.

आपल्याकडील कारवान्यालाही नवे काम शोधावे लागले. त्याच कुळातील मुधोळ कुत्र्याचे चित्र 2005 साली टपाल तिकिटावर छापले गेले, आणि 2016 साली मुधोळचे कुत्रे मेरठ येथे लष्करी शिक्षणासाठी गेले. मराठवाड्यात तो आज शेताची आणि घराची राखण करतो. शहरांतील हौशी लोकही त्याची पिले घेऊन जातात. पण ज्याचे पाय माळरानासाठी घडले, त्याला साखळीला बांधून ठेवणे म्हणजे हरिणास गोठ्यात कोंडणेच होय. प्रदर्शनात परीक्षक त्याची उंची, छाती आणि चाल पाहतात. त्याचे धावणे पाहावयाचे असेल, तर मात्र पहाटे शेताच्या बांधावर उभे राहावे लागते.