शांत डेस्कटॉपला खर्च किती येतो?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन ‘आवाज न करणारा पीसी हवा’ म्हटलं, की कोटेशनमध्ये अनेकदा तीन गोष्टी येतात: लिक्विड कूलर, सहा पंख्यांचं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि ७५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग. किंमत पंधरा-वीस हजारांनी वाढते, आवाज मात्र फारसा कमी होत नाही. कारण प्रोसेसरने घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होतो, ती बाहेर काढायला पंखा फिरावा लागतो आणि आपल्याला ऐकू येतो तो पंखा. म्हणून पैसे आधी कमी तापणाऱ्या सामानात घालावेत. असं केलं तर थंड करायच्या सामानावर पावणेचार हजारांहून जास्त खर्च येत नाही.

हा हिशेब घरी बसून ऑफिसचं काम, टॅली, कोडिंग, अभ्यास, फोटो आणि अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांसाठी आहे. भाव साधारण आहेत. दुकान बदललं की हजार-पाचशेचा फरक पडतोच.

प्रोसेसर

या कामांना ६५ वॅट गटातला, अंगचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर पुरून उरतो. एएमडीचा रायझन ५ ५६००जी २०२१ सालचा, पण अजून मिळतो, ११,५०० ते १३,००० रुपयांत. नवी पिढी हवी असेल तर रायझन ५ ८६००जी, १८ ते २० हजार. इंटेलचा आय-५ १२४०० या दोघांच्या मधे, १३ ते १५ हजार. यांपैकी कोणताही घ्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सगळं मशीन मिळून, मॉनिटर सोडून, नुसतं बसलेलं असताना साधारण २० ते ३० वॅट घेतं.

इंटेलच्या आकड्यापुढे ‘एफ’ आहे का ते नीट बघा. १२४००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्सच नसतं. मग कार्ड घ्यावं लागतं. ते काही काम नसतानाही दहा-पंधरा वॅट खातं आणि स्वतःचे पंखे घेऊन येतं. एका अक्षरात वाचवलेले पैसे असे दुसऱ्या खात्यातून जातात.

खोक्यावरचे ६५ वॅट ही कमाल मर्यादा नसते. १२४०० भरात ११७ वॅटपर्यंत जातो, ६५ वॅटवाले रायझन ८८ पर्यंत. ही मर्यादा बायोसमध्ये खाली आणता येते. एएमडीच्या बोर्डांवर त्याला इको मोड म्हणतात. तो ४५ वॅटवर ठेवला की ८८ची कमाल ६१च्या आसपास येते. लांबलचक व्हिडिओ रेंडर करताना थोडा वेळ जास्त लागतो, पत्र किंवा एक्सेल करताना काहीच जाणवत नाही. इंटेलच्या बोर्डांवर हीच मर्यादा पीएल१ आणि पीएल२ या नावांनी असते. आवाज कमी करण्याचा हा सगळ्यात परिणामकारक उपाय आणि तो फुकट आहे. असेंबल करून देणाऱ्याने तो स्वतःहून केलेला मला क्वचितच दिसतो, म्हणून सांगून करून घ्या.

ग्राफिक्स कार्ड खरोखरच लागत असेल, तर वॅट बघून घ्या. ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० ७० वॅटचं आहे, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. आरटीएक्स ४०६० ११५ वॅटचं. आरटीएक्स ३०६० याच्या आधीच्या पिढीचं, तरी १७० वॅटचं. हलक्या कामात पंखे पूर्ण थांबवणारं मॉडेल निवडा.

पंख्याचं गणित

हे गणित एकदा समजलं की दुकानातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज जवळजवळ १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट, तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक पंखा पूर्ण वेगाने फिरवण्याऐवजी तसलेच दोन निम्म्या वेगाने फिरवले, तर हवा तेवढीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबल कमी. पंखा जितका मोठा तितकं हे सोपं जातं. १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर जेवढी हवा ढकलतो तेवढ्यासाठी ८० मिलिमीटरच्या पंख्याला कितीतरी जोरात पळावं लागतं.

म्हणून समोरून आत घेणारा एक आणि मागून बाहेर टाकणारा एक, असे दोन सावकाश फिरणारे पंखे या मशीनला बास. कॅबिनेटबरोबर बहुधा एक मिळतो, दुसरा ६०० ते ९०० रुपयांत. चार पिनांचा, पीडब्ल्यूएम असलेलाच मागा, म्हणजे मदरबोर्डला त्याचा वेग हवा तसा कमी करता येतो. नॉक्टुआचे पंखे उत्तम असतात, पण एकेक अडीच-तीन हजारांच्या घरात जातो आणि या वॅटेजला तो फरक कानाला जेमतेम कळतो. खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्यांवरून दोन कंपन्यांची तुलना करू नका. प्रत्येकाची मोजायची पद्धत वेगळी असते.

प्रोसेसरवरच्या कूलरचंही हेच. ५६००जीबरोबर खोक्यात येणारा कूलर काम करतो, पण तो बुटका आहे आणि भार आला की त्याला पळावं लागतं. त्याऐवजी १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर घ्या: डीपकूलचा एजी४०० किंवा एके४००, थर्मलराइटचे त्याच पट्टीतले. १,८०० ते २,८०० रुपये. यांची उंची १५० ते १५५ मिलिमीटर असते, तेवढी जागा कॅबिनेटमध्ये आहे का ते आधी विचारा. लिक्विड कूलरला सहा ते दहा हजार लागतात, वर त्याचा पंप सतत चालू राहतो आणि पंपाचा बारीक सूर रात्री ऐकू येतो. ६५ वॅटला त्याची काहीही गरज नाही.

यांत्रिक हार्ड डिस्क असेल तर ती घरघरते आणि कॅबिनेटचा पत्राही घुमवते. सिस्टिम एसएसडीवर ठेवा. जुने फोटो, व्हिडिओ असलेली डिस्क बाहेरच्या खोक्यात घालून लागेल तेव्हाच जोडा.

एसएमपीएस: गोल्ड की ब्राँझ?

या मशीनचा पूर्ण भार १५० वॅटच्या आसपास जातो. ४५० ते ५५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा ब्राँझ एसएमपीएस ४,००० ते ४,५०० रुपयांत येतो. ‘गोल्ड घ्या, वीज वाचेल’ हा सल्ला हमखास मिळतो. तो तपासून पाहू. गोल्ड, ब्राँझ या ८० प्लस नावाच्या शिक्क्याच्या श्रेणी. त्या शिक्क्यासाठी कार्यक्षमता मोजतात ती २०, ५० आणि १०० टक्के भाराला. सगळ्यात वरची टायटॅनियम श्रेणी सोडली तर त्याखाली मोजतच नाहीत. ५५० वॅटचे २० टक्के म्हणजे ११० वॅट. आपलं मशीन दिवसाचा बहुतेक वेळ ३०-४० वॅटवर असतं, म्हणजे शिक्का ज्या पट्ट्याबद्दल बोलतो तिथे आपण नसतोच.

तरी धरून चालू, की ४० वॅटच्या भाराला एकाची कार्यक्षमता ८० टक्के आहे आणि दुसऱ्याची ८५. भिंतीतून ५० ऐवजी ४७ वॅट ओढले जातील. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे २,४०० तास. वाचले सात युनिट, युनिटला १२ रुपये धरले तर ८५ रुपयांच्या आसपास. गोल्डला अडीच ते चार हजार जास्त मोजलेत, तर ते विजेच्या बिलातून परत यायला निदान तीस वर्षं लागतील. गोल्ड घ्यायचंच तर कमी भाराला पंखा पूर्ण थांबवणारं मॉडेल मिळतं म्हणून घ्या. शांततेसाठी ते पैसे सार्थ आहेत. ७५० किंवा ८५० वॅटचा मात्र घेऊ नका. एवढ्या मोठ्या एसएमपीएसची कार्यक्षमता आपल्या बारीक भाराला बहुधा आणखी घसरते.

आपल्याकडचा मे महिना

परीक्षणांमधली तापमानं बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेली असतात. चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. २२ अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत त्याच पंख्याला ८३च्या आसपास जाईल. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात हेच होतं. चिपला त्यात धोका नाही. रायझनची मर्यादा ९५ अंश आणि १२४००ची १००. पण कारखान्यातून आलेली पंख्याची सेटिंग घाबरट असते आणि पंखे ओरडू लागतात. म्हणून बायोसमध्ये पंख्याचा आलेख आपल्या हाताने आखा: ६५ अंशांपर्यंत एकच मंद वेग, ८०पर्यंत हळूहळू चढ, त्यापुढे पूर्ण. कानाला सलग आवाजाची सवय होते. खालीवर होणारा आवाज टोचतो. हे काम जानेवारीत केलं असेल तर एप्रिलअखेर पुन्हा एकदा तपासा.

पंख्याविना चालणारी ॲल्युमिनियमची कॅबिनेटं परदेशी व्हिडिओंत दिसतात. आपल्या उन्हाळ्यात ती फार तर ३५ वॅटच्या प्रोसेसरला चालतील.

कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या, धुता येणाऱ्या फिल्टरसह. ३,५०० ते ५,०००. समोर अखंड काच असलेली कॅबिनेटं दिसतात छान, पण पंख्याला हवा मिळत नाही. आतून फोम लावलेली ‘सायलेंट’ कॅबिनेटंही नकोत. कमी वॅटच्या मशीनला दाबून ठेवण्यासारखा आवाजच नसतो. आणि सुताराकडून करून घेतलेल्या कॉम्प्युटर टेबलाचा बंद कप्पा! घराघरांत कॅबिनेट त्यात कोंबलेलं असतं, पुढे दार, मागे प्लायवूड. तीच गरम हवा आत फिरत राहते आणि दोन-तीन हजारांचा कूलर वाया जातो. मागचं प्लाय कापून टाका, दार काढा. डेझर्ट कूलरचा ओला झोतही थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

धूळ साचली की पंखे वर्षभरात वेगाने पळू लागतात. दिवाळीच्या साफसफाईत मशीन बंद करून, प्लग काढून ब्लोअर मारा आणि तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग खराब होतं आणि पुढे पंखा टकटकू लागतो.

विजेचं बिल

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर दर जवळजवळ दुपटीने वाढतो आणि ३०० नंतर आणखी. कॉम्प्युटरची युनिटं घरातल्या फ्रीज-पंख्यांच्या वर चढतात, म्हणून हिशेब सरासरी दराने न करता तुमच्या बिलातल्या शेवटच्या स्लॅबच्या दराने करा. वहन आकार धरा, त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरा. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांचे दर वेगळे आहेत. मी इथे युनिटला १२ रुपये धरले आहेत.

कार्ड लावलेलं जुनं मशीन नुसतं बसून ६० वॅट घेत असेल आणि नवं २५, तर वर्षाच्या २,४०० तासांत ८४ युनिट, म्हणजे सुमारे हजार रुपये वाचतात. तेवढ्यासाठी चालतं मशीन टाकून नवं घेणं परवडत नाही. पण रात्री चालूच सोडलेलं मशीन बघा: ३० वॅट, रोज १४ तास, वर्षभर, १५३ युनिट, १,८०० रुपयांच्या वर. स्लीपला टाकलं तर तेच दोन-तीन वॅटवर येतं. स्वतःचा आकडा बघायचा असेल तर प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर हजाराच्या आसपास मिळतो, सोसायटीत एक घेतला तर सगळ्यांना पुरतो.

बेरीज आणि खरेदी

५६००जीचं मशीन, त्याचा ६,५०० ते ९,००० चा मदरबोर्ड धरून, २८ ते ३५ हजारांत बसतं. ८६००जीचा बोर्ड ९ ते १२ हजारांचा, एकूण ३७ ते ४५ हजार. यात रॅम, एसएसडी आणि मॉनिटर नाहीत. रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून जोरात चढले आहेत, त्यामुळे त्यांचं कोटेशन खरेदीच्याच दिवशी घ्या. घरात जुन्या मशीनची डीडीआर४ रॅम पडून असेल तर ५६००जी आणखी फायद्याचा, कारण ८६००जीला डीडीआर५च लागते. बजेट याहून कमी असेल तर ऑफिसांतून निघालेली ‘टायनी’ किंवा ‘मायक्रो’ प्रकारची छोटी मशीनं बघा. त्यांतली बरीच ३५ वॅटच्या प्रोसेसरवर चालतात. पंखा साफ करून, थर्मल पेस्ट बदलून घेतली की ती शांत असतात.

सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. कोटेशन जीएसटीसह आहे का विचारा आणि ‘बिलाशिवाय’ची सवलत नाकारा, दोन-तीन वर्षांनी एसएमपीएस गेला तर वॉरंटीला बिलच लागतं, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. असेंबलीचे ५०० ते १,५०० घेतात, त्यातच इको मोड आणि पंख्याचा आलेख लावून मागा. दुकानाच्या गोंगाटात मशीन शांतच वाटतं. पंख्याची टकटक किंवा एसएमपीएसची बारीक शिट्टी घरी, रात्री, सीलिंग फॅन बंद केल्यावर कळते. तेव्हा अशा दोषासाठी सात दिवसांत भाग बदलून देण्याचं बिलावरच लिहून घ्या आणि पहिल्याच रात्री ऐकून बघा.