‘फॉरमॅट’ दाबण्याआधी

लग्नसराईत काष्टीतल्या फोटो स्टुडिओंचे संगणक रात्री उशिरापर्यंत चालू असतात. दिवसा शूटिंग, रात्री एडिटिंग, आणि कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायची ती टेबलावरच्या २ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. इथल्याच एका स्टुडिओवाल्याचा हा अनुभव. शनिवार होता, जनावरांचा बाजार भरलेला. बाजाराला आलेले एक गृहस्थ लेकीच्या लग्नाचे फोटो घेऊनच जाऊ म्हणून दुकानात येऊन बसले होते. डिस्क जोडली, तिचा दिवा लागला, पण पडद्यावर तिचं नाव येईना. काढून परत लावली, तेव्हा विंडोजने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?

शेजारी बसलेल्या पोराने माउसकडे हात नेला. ‘‘भाऊ, करून टाकू?’’ स्टुडिओवाल्याने त्याला थांबवलं आणि ‘कॅन्सल’ दाबलं. पुढे जे वाचलं ते त्या एका नकारामुळे.

हा प्रश्न भल्याभल्यांना चकवतो. डिस्क रिकामी झाली असा त्याचा अर्थ नसतो. कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची यादी संगणकाला वाचता येत नाही, एवढंच तो सांगत असतो. सातबारा फाटला म्हणून जमीन जागची हलत नाही, तसंच हे. ‘क्विक फॉरमॅट’ फक्त नवी कोरी यादी लिहितं. जुने फोटो त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतात आणि बऱ्याचदा परत काढता येतात. पूर्ण फॉरमॅटचं मात्र तसं नाही. विंडोज व्हिस्टापासून ते सगळ्या डिस्कभर शून्यं लिहितं, आणि मग डेटा परत काढणाऱ्या कुठल्याही लॅबला काही सापडत नाही. पुण्याच्या एडिटरकडून आलेली, मॅकवर तयार केलेली डिस्क विंडोजला लावली तरी हाच प्रश्न येऊ शकतो. तिथे बिघाड काहीच नसतो, डिस्क मॅकला लावायची असते.

स्टुडिओवाल्याने मग बाहेरून आत यायचं ठरवलं. डिस्क एका साध्या हबमधून संगणकाच्या पुढच्या पोर्टला जोडलेली होती, त्याच हबवर कार्ड रीडर आणि माउसही होता. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर वीज द्यावी असं मानक सांगतं. अडीच इंची डिस्कची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी तिला थोडी जास्तच लागते. ती मिळाली नाही, तर दिवा लागतो पण तबकडी नीट वेग घेत नाही. त्याने हब काढला आणि डिस्क थेट मागच्या निळ्या पोर्टला लावली. आता ती दिसू लागली, पण मधेच गायब व्हायची.

दोष केबलमध्ये होता. या डिस्कच्या बाजूची यूएसबी ३ ची पिन रुंद, चपटी, मधे खाच असलेली असते. रोज काढघाल करून ती सैल पडते. बोटाने जरा दाबलं की दिवा लुकलुकायचा, सोडलं की विझायचा. ओळखीच्या दुकानातून तशीच दुसरी केबल मागवली आणि फोल्डरांची रांग उघडली. त्याने आधी एडिटिंगला हात लावला नाही, सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवला. तिथेच निम्मे लोक घाई करतात.

केबल आणि पोर्ट बदलूनही डिस्क दिसली नाही, तर स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावं. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक पट्टी दिसते. निळी पट्टी आहे पण अक्षर नाही, तर राइट क्लिक करून ड्राइव्हला अक्षर द्यायचं, काम झालं. ‘रॉ’ लिहिलं असेल, किंवा पट्टी काळी असून ‘अनअलोकेटेड’ दिसत असेल, तर हात आवरावा. ‘इनिशियलाइझ’ करण्याची सूचना आली तरी नाकारावी. डिस्कचा आवाज नेहमीसारखा असेल, तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे फुकट मिळणारे प्रोग्राम उपयोगी पडतात. फोटोरेकमध्ये फाइलींची मूळ नावं बहुधा जातात, पण फोटो मिळतात. मिळालेलं सगळं दुसऱ्या डिस्कवरच साठवायचं, त्याच डिस्कवर कधीच नाही.

आवाज बदलला असेल, तर गोष्ट वेगळी. त्याच मोसमात स्टुडिओवाल्याकडे एका गिऱ्हाइकाची डिस्क आली. मोटारसायकलच्या डिकीतून पडलेली, कानाशी धरली की टक्-टक् असा ठरावीक ठेका. घरच्यांनी ती टेबलावर आपटून पाहिली होती, कुणाच्या सांगण्यावरून फ्रीजमध्ये ठेवली होती आणि रात्रभर रिकव्हरीचा प्रोग्राम चालवला होता. अशा डिस्कमध्ये तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. हेड बिघडलं की प्रत्येक फेरीत ते तबकडी खरवडू शकतं. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर तर बाष्प धरतं. लॅबने ती उघडून पाहिली, तेव्हा तबकडीवर ओरखडे होते आणि मुलाच्या बारशापासूनचे फोटो गेले. पहिल्या टक्-टक्‌ला वीज काढली असती, तर आशा होती. ती धडपड मायेपोटीच केलेली असते, म्हणून इथे खडसावून सांगावंसं वाटतं: टक्-टक् ऐकू आली की डिस्क परत लावूच नका. विंडोजची ‘चेक डिस्क’ दुरुस्तीही अशा डिस्कवर चालवू नका.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपच्या बऱ्याच अडॅप्टरमधून १९ व्होल्ट किंवा त्याच्या आसपास वीज येते. पिन बसते म्हणून तो लावला, तर आतलं सर्किट जळतं. अडॅप्टरवर व्होल्ट छापलेले असतात, ते वाचावेत. शिवाय काही डिस्कच्या पेटीतला बोर्ड डेटा स्वतःच कूटबद्ध करतो, त्यामुळे पेटी फोडून डिस्क थेट संगणकाला जोडली तरी काही वाचता येत नाही. पेटी उघडण्याची घाई नको.

हे सगळं झालं डिस्क रुसल्यावरचं. ती एक दिवस जाणारच असं धरून चालावं. लाखो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या डिस्कचे आकडे दरवर्षी जाहीर करते. त्यात वर्षभरात शंभरातल्या साधारण एक ते दीड निकामी होतात, आणि त्या तर थंड खोलीत, अखंड विजेवर चालणाऱ्या. आपल्याकडे डिस्क पिशवीतून, धुळीतून फिरते आणि फाइल उतरत असतानाच लाइट जाते. पीटर क्रॉघ या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम इथेही लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. काष्टीच्या त्या स्टुडिओत आता दुसरी डिस्क घरी असते, आणि लग्नाचं काम ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं पुसली जात नाहीत.

तुमच्याकडेही लग्नाचे, बारशाचे, आजी-आजोबांचे फोटो एकाच डिस्कवर असतील, तर ती चालू आहे तोवरच दुसरी प्रत काढा, आणि त्या प्रतीतले चार-दोन फोटो उघडून बघा.