नाताळ जन्माचा, मग त्यागाची गोष्ट कशाला?

प्रश्न : शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर नाताळच्या मिस्साला गेलो होतो. बाहेर रोषणाई, चांदण्या, केक. आत फादर मात्र देवाचं प्रेम आणि देवाचा त्याग यावरच बोलत होते. येशूला क्रुसावर दिलं ते गुड फ्रायडेला ना? मग गव्हाणीतल्या बाळाने कसला त्याग केला? आणि देवच तो. त्याचं जाणार काय?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. त्यात दोन-तीन गाठी आहेत, त्या एकेक करून सोडवू.

पहिली गाठ, त्याग म्हणजे मरणच, ही समजूत. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे त्याग जन्मापासूनच सुरू होतो. फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात संत पौल म्हणतो, की येशू देवाच्या बरोबरीचा असूनही त्या थोरवीला चिकटून बसला नाही. त्याने स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. या उतरण्याची पहिली पायरी जन्म आणि शेवटची क्रूस. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवतात, कारण उतरायला जागा मिळालेली नसते. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोद राजा त्याच्या जिवावर उठतो आणि आईबाप त्याला घेऊन रातोरात मिसर देशाकडे निघतात.

दुसरी गाठ, देवाचं काय जाणार? हा प्रश्न फार जुना आहे. येशूचा देह हा नुसता भास होता, असं सुरुवातीच्या शतकांत काही जण म्हणत. चर्चने ते नाकारलं. कारण उघड आहे : देह भास असेल तर भूकही भास, जखमाही भास आणि त्याग म्हणजे निव्वळ सोंग. इ. स. 451 मध्ये कॅल्सिडनच्या धर्मपरिषदेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचं ठरवून टाकलं. म्हणून त्याचं दमणं, तहानणं, मित्राच्या थडग्यापाशी रडणं हे सगळं खरं मानलं जातं. आपल्याला इथे अवतारकल्पना आठवते आणि काही अंशी ती जुळतेही. पण ख्रिस्ती मताप्रमाणे हे एकदाच घडलं आणि घेतलेलं माणूसपण देवाने पुन्हा टाकून दिलं नाही.

तिसरी गाठ सर्वांत घट्ट. रागावलेल्या देवाला शांत करायला बळी दिला, असं पुष्कळांना वाटतं. योहानाचं शुभवर्तमान नेमकं उलटं सांगतं : देवाने जगावर प्रेम केलं, म्हणून आपला पुत्र दिला. इथे देणारा देव आहे, घेणारा माणूस. पिता आणि पुत्र मिळून एकच देव, ही श्रद्धा असल्याने हे दुसऱ्या कुणाला पुढे ढकलणंही नव्हे. दिलं ते स्वतःलाच. आता, या देण्याची गरज का पडली, यावर धर्मपंडितांत मतभेद आहेत. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्मने माणसाच्या पापामुळे थकलेल्या ऋणाच्या भाषेत त्याची उपपत्ती लावली. पुढे डन्स स्कॉटसने म्हटलं, की देवाचं माणूस होणं पापावर अवलंबून नव्हतंच. प्रेमाला अपराधाचं निमित्त लागत नाही.

जन्म आणि मरण यांची सांगड नाताळच्या कथेतच आहे. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी बाळाला सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण केला. (ते तीन राजे होते, असं मत्तय कुठेच म्हणत नाही, भेटी तीन, म्हणून माणसंही तीन झाली!) गंधरस म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातला हिराबोळ : तांबूस-तपकिरी डिंकाचे खडे, चवीला कडूजहर. आपल्याकडे तो बाळंतिणीला देतात. यहुदी लोकांत मात्र तो प्रेताच्या उटण्यातही पडे. येशूला पुरताना निकदेम नावाच्या माणसाने गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण आणल्याचं योहान सांगतो. म्हणूनच चर्चच्या जुन्या आचार्यांना या तिसऱ्या भेटीत पुढच्या मरणाची खूण दिसली. पूर्वेकडच्या चर्चच्या पारंपरिक चित्रांत तर बाळाला कफनासारख्या पट्ट्यांत गुंडाळलेलं असतं आणि गव्हाण दगडी थडग्यासारखी दिसते. शिवाय कॅथलिक पंचांगात 26 डिसेंबरला पहिला हुतात्मा स्तेफन आणि 28 डिसेंबरला हेरोदाने मारलेली बालकं यांचं स्मरण असतंच.

मग आनंद कशाचा? कुणी आपल्यासाठी झीज सोसली आणि त्याचा हिशेब मागितला नाही, याचा. नाताळातल्या भेटवस्तू, गोरगरिबांना दानधर्म, शेजारीपाजारी फराळ वाटणं, या सगळ्यामागे हाच विचार आहे : फुकट मिळालं, ते फुकट पुढे द्यावं. शेजाऱ्यांकडून नेवऱ्या-कुलकुलांचं ताट आलं तर ते रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत जरूर पाळा. पण तुम्ही विसरलात, तरी पुढच्या नाताळाला ताट येईलच. ख्रिस्ती माणूस देवाच्या प्रेमाबद्दल बोलतो, तेव्हा त्याला असंच देणं अभिप्रेत असतं.